सदतीस अंशांचं उत्तर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो. जानेवारीतली सकाळ होती. प्रयोगशाळेच्या दारात एक वयस्कर गृहस्थ येऊन उभे राहिले. जवळच्याच खेड्यातले ढीवर समाजातले मासेमार. हातात ओलं गोणपाट, आणि त्यात दोन मरळ. एकाच्या पाठीवर रुपयाएवढा लालभडक चट्टा, तर दुसऱ्याच्या शेपटीजवळचं मांस झडून आतलं हाड दिसत होतं. मासे मात्र जिवंत होते, कल्ले हलत होते.

'सर, हे खावाचं का फेकाचं, तेवढं सांगा,' ते म्हणाले.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत मालगुजारांच्या काळातले शेकडो तलाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांतली दोन अक्षरं उचलून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. या तलावांवर ढीवरांच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज उधार-उसनवार करून आणायचं, पावसाळ्यात सोडायचं आणि उन्हाळ्यात काढायचं. त्या वर्षी थंडी पडली आणि माशांच्या अंगावर फोड दिसू लागले. आधी मरळ, वाम अशा स्थानिक माशांवर, मग लहान मृगळांवर. आठवडी बाजारात बातमी पसरली की, हे मासे खाल्ले तर माणसाच्या अंगावरही तसंच उमटतं. पाटीतला धडधाकट मासासुद्धा कोणी हातात घेईना.

मी माझ्या परीनं शास्त्रीय पद्धतीनं काम केलं. जखमेवर निर्जंतुक कापूस फिरवला, तो पोषकद्रव्याच्या बशीवर ओढला आणि बशी इन्क्युबेटरमध्ये ठेवली. आमच्याकडे इन्क्युबेटर एकच होता आणि तो कायम सदतीस अंश सेल्सिअसला लावलेला असे. दुसऱ्या दिवशी बशीभर जिवाणू उगवले होते. पुस्तकं चाळून, दोन-तीन चाचण्या करून मी निष्कर्ष काढला : एरोमोनास. गावात जाऊन सांगितलं की, हा जिवाणूंचा रोग आहे, पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाका आणि शंका असेल तर मासे खाऊ नका, विकूही नका. त्यांनी ऐकलं. त्या हंगामात त्यांनी जाळी जवळजवळ गुंडाळून ठेवली आणि बिजाचं कर्ज डोक्यावर राहिलं.

श्रोतेहो, माझं निदान चुकलं होतं. आज मी त्या चुकीचा इतिहास सांगणार आहे, कारण ती माझ्या एकट्याची नव्हती. जवळजवळ अर्धा आशिया तिच्यात वीस वर्षं अडकला होता.

या रोगाची पहिली नोंद जपानमधली. १९७१ साली क्युशू बेटावरच्या ओइता प्रांतात 'आयू' नावाच्या माशाच्या शेतीत तो दिसला. आयू हा नदीतला छोटा, चवीला नाजूक मासा, जपानी लोकांचा फार आवडता. त्यांच्या अंगावर व्रण पडू लागले. शुझो एगुसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी माशांच्या मांसाचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्नायूंत बुरशीसारखे तंतू शिरलेले होते आणि प्रत्येक तंतूभोवती माशाच्या पेशींनी कडं करून गाठी बांधल्या होत्या. शत्रूला वेढा घालावा, तशा. या गाठींवरून त्यांनी रोगाचं नाव ठेवलं, 'बुरशीजन्य गाठींचा रोग'. पुढे १९८० साली किशिओ हाताई यांनी त्या तंतूंना 'अफॅनोमायसिस पिसिसिडा' असं नाव दिलं. पिसिसिडा म्हणजे मासे मारणारा.

म्हणजे पहिल्याच साथीत तपास बरोबर दिशेनं चालला होता. मग वीस वर्षं कुठं गेली?

१९७२ साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, नद्यांच्या मुखांशी असणाऱ्या बोय माशांवर तसेच व्रण दिसले. तिथल्या मासेमारांनी त्याला 'लाल ठिपक्यांचा रोग' म्हटलं. त्यानंतर पापुआ न्यू गिनी, मग १९८०च्या सुमाराला इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड आणि १९८५मध्ये फिलिपाइन्स. रोग भातखाचरांतून, कालव्यांतून, तलावांतून पसरत होता. प्रत्येक देशात तो नवा समजला गेला, प्रत्येक ठिकाणी नवी समिती बसली. अखेर १९८६ साली बँकॉकमध्ये तज्ज्ञांची बैठक झाली आणि आशियातल्या या रोगाला एक लांबलचक नाव मिळालं : 'साथीचा व्रणजन्य लक्षणसमूह', इंग्रजी आद्याक्षरांनी 'ईयूएस'. 'लक्षणसमूह' हा शब्द वैद्यकात अनेकदा तेव्हा वापरतात, जेव्हा कारण माहीत नसतं. जपानचा रोग, ऑस्ट्रेलियाचा रोग आणि आशियाचा रोग अशी तीन नावांची तीन दप्तरं झाली. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहायला फार उशीर झाला.

दरम्यान संशयित कमी नव्हते. पहिला संशयित जिवाणू. व्रणातून कापूस फिरवला की, एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू हमखास मिळे. तो टोचला, तर माशाला जखमाही होत. पण हा जिवाणू गोड्या पाण्यात सगळीकडे असतो, निरोगी माशाच्या अंगावरही असतो. शिवाय त्यानं झालेल्या जखमेत त्या वेढा घातलेल्या गाठी दिसत नसत. दुसरा संशयित विषाणू. थायलंडमधल्या आजारी मरळ माशांतून ऱ्हॅब्डोव्हायरस गटातला, म्हणजे कुत्र्याच्या रेबीजच्या विषाणूच्या कुळातला एक विषाणू वेगळा काढण्यात आला. त्याचा गाजावाजा झाला. पण तो थोड्याच माशांत सापडे. तिसरा संशयित कीटकनाशकं आणि प्रदूषण. भातशेतीत फवारण्या वाढत होत्या, त्यामुळे लोकांना हे कारण सहज पटे. मात्र जिथं फवारणी पोहोचली नव्हती, अशा पाण्यातही रोग होता.

१९८८ साल उजाडलं. वर्षाच्या सुरुवातीला बांगलादेशात साथ भडकली आणि काही महिन्यांतच त्रिपुरा, आसाम, मेघालय या आपल्या राज्यांत ती आली. ज्या घरात माशाशिवाय जेवण होत नाही, त्या घरांत मासा येणं बंद झालं. माणसांना रोग होतो, या अफवेनं बाजार बसले. पुढच्या तीन-चार वर्षांत बंगाल, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश असं करत तो देशभर पसरला. १९९१ साली केरळच्या कुट्टनाड भागात पोहोचला. आमच्या तलावात तो नेमका कुठून आला, हे मला कधीच कळलं नाही.

आता तपासातली खरी अडचण सांगतो. ती अगदी साधी आहे. उघड्या जखमेवर जे उगवतं, ते जखमेचं कारण असतंच असं नाही. घरात चोर रात्री शिरला आणि दार उघडं टाकून गेला, तर सकाळी गल्लीतली कुत्री आत शिरतात. आपण त्या वेळी पोहोचलो, तर कुत्र्यांनाच चोर समजतो. माशाचा व्रण फुटला की, पाण्यातले जिवाणू आणि सॅप्रोलेग्निया नावाची कापसासारखी दिसणारी पाण्यातली बुरशी तिथं लगेच वस्ती करतात. बशीवर हे पाहुणे झपाट्यानं वाढतात. खरा आरोपी मंदगतीचा, तो त्यांच्याखाली गाडला जातो. शिवाय त्याला ऊब मानवत नाही. सदतीस अंशांना तो वाढतच नाही. माझ्यासारख्यानं माणसांच्या जिवाणूंसाठी लावलेल्या इन्क्युबेटरमध्ये त्याची बशी ठेवली, तर तो सापडण्याची शक्यताच उरत नाही.

कोंडी फुटली ती काम करण्याची पद्धत बदलल्यामुळे. १९९२ साली ऑस्ट्रेलियातल्या फ्रेझर, कॅलिनन आणि काल्डर या संशोधकांनी लाल ठिपक्यांच्या रोगातून अफॅनोमायसिस वेगळा काढला. इकडे बँकॉकच्या जलचर आरोग्य संशोधन संस्थेत सुप्राणी चिनाबुत, स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातले रोनाल्ड रॉबर्ट्स आणि बुरशीतज्ज्ञ विलोबी एकत्र काम करत होते. त्यांनी मोठे, फुटलेले व्रण सोडून दिले. ज्याचं कातडं अजून फाटलेलं नाही, नुसता लाल डाग पडलाय, असा मासा घ्यायचा. वरची त्वचा तापलेल्या पात्यानं भाजून जिवाणू मारायचे, मग कडेनं कापून कातडं उचलायचं आणि डागाच्या तळाचं, वरून निरोगी दिसणारं मांस तिळाएवढं काढायचं. ते पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या पोषकद्रव्यात ठेवायचं, म्हणजे उरलासुरला जिवाणूही वाढणार नाही. आणि साध्या, खोलीच्या तापमानाला वाट पाहायची. त्या तुकड्यातून काचेसारखे पारदर्शक, आडपडदे नसलेले तंतू बाहेर पडू लागले.

तंतू मिळाले, म्हणजे गुन्हा शाबित झाला असं नाही. रॉबर्ट कॉखनं एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली कसोटी आहे. संशयित सूक्ष्मजीव रोग्यात सापडला पाहिजे, तो शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे, निरोगी प्राण्यात सोडल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि त्या प्राण्यातून तोच जीव पुन्हा मिळाला पाहिजे. संशोधकांनी हे तंतू आणि नंतर त्यांची पोहणारी बीजं निरोगी मरळ माशांच्या कातडीखाली सोडली. तेच लाल डाग, तेच व्रण, स्नायूंत शिरलेले तेच तंतू आणि त्यांच्याभोवती त्याच गाठी. १९७१ साली जपानी शास्त्रज्ञांनी जे चित्र पाहिलं होतं, तेच हे होतं. १९९५ साली या जीवाचं रीतसर वर्णन झालं. व्याकरणाची दुरुस्ती होऊन १९९७मध्ये नाव स्थिरावलं, 'अफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स', म्हणजे आत घुसणारा. त्याच वर्षी जेम्स लिली आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या नमुन्यांचं जनुकीय साहित्य ताडून पाहिलं. ते इतकं सारखं निघालं की, एकाच मूळ वाणाची संतती आशियाभर पसरली, असं म्हणावं लागलं. जिवंत माशांच्या व्यापारानं, विशेषतः शोभेच्या माशांबरोबर, हा प्रवास झाला असावा असा संशय आहे. तीन दप्तरं अखेर एक झाली.

या जीवाला आपण सवयीनं बुरशी म्हणतो, पण खरं तर तो बुरशी नाही. तो ऊमायसीट गटातला आहे, आणि या गटाचं नातं खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जवळचं आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे कुळ चांगलं ओळखीचं आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत पावसाळी हवेत पडणारा केवडा, कोकणातल्या सुपारीवरचा कोळेरोग, बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा ही सगळी याच कुळातली मंडळी. १८४५ साली आयर्लंडमध्ये दुष्काळ आणणारा रोग, तो हाच करपा. या सगळ्यांची बीजं पाण्यात पोहतात. म्हणून पाऊस, दमटपणा आणि गारवा ही त्यांची सुगी.

माशांच्या रोगाचं वेळापत्रकही त्यावरूनच कळतं. जोराचा पाऊस पडून गेला, पाण्याची आम्लता बदलली, माशांच्या कातडीचं वरचं आवरण कुठंतरी दुखावलं की, त्या ओरखड्यावर पोहणारं बीज बसतं. ऑस्ट्रेलियात किनाऱ्याजवळच्या गंधकयुक्त जमिनींतून पावसाबरोबर आम्ल वाहून येतं, तेव्हा रोग वाढतो, असं दिसून आलं. मग थंडी पडते. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झालं की, त्याच्या संरक्षक पेशी सुस्तावतात, वेढा घालायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तंतू आत शिरतात. पाणी उबदार असेल, तर बऱ्याच माशांच्या जखमा आपसूक भरतात. म्हणूनच उन्हाळा येताच साथ ओसरते आणि ज्यानं त्याआधी जे काही औषध टाकलं असेल, त्याला वाटतं आपल्याच औषधानं गुण आला! माझ्या पोटॅशियम परमँगनेटलाही त्या वर्षी असंच यश मिळालं होतं.

नेमकं कारण कळल्यानं काय साधलं, असं कुणी विचारेल. मोठ्या नदीत, विस्तीर्ण तलावात या रोगावर आजही औषध नाही. पण बंदिस्त तळ्यात पुष्कळ करता येतं. तळं सुकवून चुना टाकणं, बाहेरचे जंगली मासे आत येऊ न देणं, पावसाळ्यानंतर पाण्याची आम्लता तपासून पुन्हा चुना देणं, तिलापिया, कॉमन कार्प अशा या रोगाला दाद न देणाऱ्या जाती निवडणं. भुवनेश्वरजवळच्या कौशल्यगंगा इथल्या केंद्रीय मत्स्यसंवर्धन संस्थेनं 'सिफॅक्स' नावाचं मिश्रण तयार केलं, ते आपल्याकडे तळ्यांत बरंच वापरलं गेलं. आणि महत्त्वाचं म्हणजे, जिवाणूंवरची प्रतिजैविकं पाण्यात ओतण्याचा खर्च वाचला. अशी औषधं पाण्यात गेली की, माणसांच्या रोगजंतूंनाही त्यांची सवय होते. आरोपी चुकीचा पकडला, तर दंड सगळ्या गावाला बसतो.

ही चूक गरीब देशांतच झाली, असंही नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९८४पासून मेनहेडन माशांवर व्रण दिसत होते. तंतू पाहिलेल्या काही संशोधकांनी तेव्हाच अफॅनोमायसिसकडे बोट दाखवलं होतं. पण १९९७ साली मेरीलँडच्या पोकोमोक नदीत मासे मेले, तेव्हा गवगवा झाला तो फिस्टेरिया नावाच्या एका सूक्ष्म विषारी जीवाचा. नदी बंद झाली, तिकडेही लोकांनी मासे घेणं सोडलं. नंतरच्या काही वर्षांत व्हिकी ब्लेझर, व्होगेलबाइन, किर्यू यांच्या प्रयोगांनी दाखवलं की, मेनहेडनच्या त्या खोल व्रणांमागे आपला हाच इन्व्हॅडन्स होता. २००६च्या अखेरीस आफ्रिकेत झांबेझी आणि चोबे नद्यांवर व्रणांचे मासे दिसले. या वेळी मात्र कुठं पाहायचं, हे ठाऊक होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २००७मध्ये पथक पाठवलं आणि ओळख पटली. कारण ठाऊक असल्याचा हा फायदा. साथ थांबली नाही. पण वीस वर्षं वाया गेली नाहीत.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. खायचं की फेकायचं?

हा रोग माणसाला होत नाही. सदतीस अंशांना जो जीव वाढत नाही, तो माणसाच्या शरीरात कसा वाढेल? आपल्या शरीराचं तापमानही सदतीसच्याच घरात असतं. सडलेल्या जखमेचा मासा अर्थातच बाजारात नेऊ नये, त्याच्यावर इतर जिवाणूंची गर्दी असते. पण त्याच तलावातला अखंड कातडीचा मासा नीट शिजवून खायला काहीच हरकत नव्हती. ज्या आकड्यानं माझ्यापासून रोगाचं कारण लपवलं, तोच आकडा त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होता. तो माझ्या इन्क्युबेटरच्या तबकडीवर डोळ्यांसमोर होता आणि मला वाचता आला नाही.

हे सगळं मला समजलं, तोवर आठ-दहा वर्षं उलटली होती. एका चर्चासत्रात बँकॉकच्या कामाविषयी ऐकलं, घरी येऊन मिळेल ते वाचलं आणि एका रविवारी त्या गावी गेलो. ते गृहस्थ आता हयात नव्हते. त्यांचा मुलगा संस्थेचं काम पाहत होता. तलावाच्या पाळीवर बसून मी त्याला सांगितलं की, त्या वर्षी तुम्ही फेकलेले बरेच मासे खाण्यासारखे होते, माझं चुकलं. तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, 'बाबा शेवटपर्यंत सांगत, सर येऊन पाहून गेले. दुसरं कोण आलं होतं?'

त्यानं दिलासा दिला; पण चूक तेवढ्यानं पुसली गेली नाही. परत आल्यावर मी आमच्या प्रात्यक्षिकांत एक बदल केला. निवृत्त होईपर्यंत तो पाळला. माशाच्या कुठल्याही जखमेचा नमुना आला की, विद्यार्थ्यांनी दोन बशा करायच्या. एक वरच्या पुसणीची, इन्क्युबेटरमध्ये. दुसरी डागाच्या तळाच्या मांसाची, खिडकीजवळच्या फळीवर, उघड्या हवेच्या तापमानाला. पहिलीवर दुसऱ्या दिवशीच काहीतरी उगवे आणि मुलं वही बंद करायची घाई करत. मी त्यांना थांबवत असे. दुसऱ्या बशीवर तारीख घालायला लावत असे आणि म्हणत असे, आठवडाभर रोज येऊन पाहा, तोवर निष्कर्षाचा रकाना कोरा ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)